बाँड नवा आणताय, तर सिनेमाही नवा आणा

जेम्स बाँडच्या नव्या हिरोवरून आमच्या ग्रुपवर जे चाललंय ते वाचून आज लिहायलाच बसलो. कुणाला उंची खटकते, कुणाला वय, कुणाला केसांचा रंग. मागचा बाँड डॅनिअल क्रेग, त्याच्यानंतर आता बाँडमध्ये राम नाही, असंही एकानं जाहीर करून टाकलं. नावांच्या याद्या येतात, त्यावर भांडणं होतात. पण सिनेमा कसा करणार, गोष्ट काय असणार, दिग्दर्शक कोण, हे कुणी विचारत नाही.

माझं ठाम मत आहे की नवा नट टिकतो की नाही हे त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्याभोवती काय रचलंय यावर ठरतं. त्याच्यासाठी नवा सिनेमा शिवला, तर लोक त्याला आपला म्हणतात. आधीच्याचा अंगरखा त्याला चढवला, तर तो बिचारा सगळा वेळ बाह्या सावरत राहतो. जरा लांबण लागेल, पण हे नीट मांडायचंय.

खरं तर आपल्या सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथंच पहिलं नाटक उभं केलं आणि तेव्हापासून हे गाव नाटक बघतंय. भूमिका राहते, नट बदलतात, हे आपल्या आज्या-पणज्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. किर्लोस्कर नाटक मंडळीचे गायक नट भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये गेले, तेव्हा आता संगीत नाटकाचं कसं होणार, असं लोकांना वाटलं असणारच. त्यानंतर चारच वर्षांनी आपल्या मिरजेत एक कोवळा पोरगा शकुंतला होऊन उभा राहिला. पुढं सगळा महाराष्ट्र त्याला बालगंधर्व म्हणून डोक्यावर घेऊन नाचला. साताऱ्यात जन्मलेले डॉ. श्रीराम लागू 1970 मध्ये 'नटसम्राट'मध्ये अप्पा बेलवलकर झाले. त्यांच्यानंतर दत्ता भटांनी ते केलं, सतीश दुभाषींनी केलं. कोणाचे अप्पा खरे, यावर आमच्याकडची जुनी मंडळी आजही तास-तासभर बोलू शकतात. पण लागूंनंतर हे नाटक बंदच करायला हवं होतं, असं त्यातलं कुणी म्हणत नाही.

भावे नाट्यमंदिरातला एक प्रयोग माझ्या चांगला लक्षात आहे. नाटकाचं नाव सांगत नाही, कारण ते महत्त्वाचं नाही. दाराशी फळा लावलेला, त्यावर खडूनं लिहिलेलं की आजच्या प्रयोगात अमुक यांच्याऐवजी तमुक. फळा वाचून आत जाणाऱ्यांची तोंडं उतरत होती, एक काका तर तिकीट खिडकीशी पैसे परत मागायला उभे होते. पहिल्या अंकात तो नवा माणूस आधीच्या नटाच्या जागा जशाच्या तशा घेत होता. तोच थांबा, तोच हात कमरेवर. लोकांना सगळं पाठ होतं, त्यामुळं वाक्य त्याच्या तोंडून येण्याआधीच मागच्या रांगेतून पुटपुटल्यासारखं ऐकू यायचं. दुसऱ्या अंकात मुलगा घर सोडून जातो तो प्रसंग होता. आधीचा नट तिथं उभा राहून गरजायचा. हा खुर्चीत बसला आणि हळू आवाजात बोलायला लागला. समोरची ज्येष्ठ अभिनेत्री नेहमी त्या वाक्याला दारापर्यंत जायची, ती त्या दिवशी मध्येच थांबली. वळली, आणि त्याच्या बोलण्याला जागा करून दिली. थिएटरात चिडीचूप. मध्यंतरानंतर कुणी जुन्या नटाचं नाव काढलं नाही. त्या माणसानं आपलं काहीतरी केलं हे खरंच, पण ती बाई थांबली नसती तर ते उभं राहिलं नसतं, असं मला आजही वाटतं.

आता बाँडकडं या.

1962 मध्ये 'डॉक्टर नो' आला, शॉन कॉनरी बाँड झाला. पाच सिनेमे करून तो कंटाळला आणि 1969 च्या सिनेमासाठी जॉर्ज लेझनबी नावाच्या ऑस्ट्रेलियन मॉडेलला घेतलं. सिनेमात कामाचा अनुभव जवळजवळ नाही. कॉनरीनं शिवायला टाकून न नेलेला सूट आपण त्याच्या शिंप्याकडून विकत घेतला आणि तो घालून काम मागायला गेलो, असं लेझनबी स्वतः सांगत आलाय. निर्मात्यांनी पुढं तेच केलं, त्याला कॉनरीचाच अंगरखा चढवला. 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस'ची श्रेयनामावली बघा, त्यात आधीच्या सिनेमांची दृश्यं पेरलीत. एका प्रसंगात बाँड ऑफिसातला खण उघडतो आणि जुन्या कामगिऱ्यांच्या आठवणीच्या वस्तू एकेक करून बाहेर काढतो, मागं त्या-त्या सिनेमाचं संगीत वाजतं. सुरुवातीलाच त्याच्या तोंडी 'आधीच्या गड्याला' उद्देशून एक वाक्य टाकलंय. म्हणजे नवा माणूस पडद्यावर येतो न येतो तोच प्रेक्षकाला दर दहा मिनिटांनी कॉनरीची आठवण करून द्यायची. हा कसला न्याय?

आणि सिनेमा किती चांगला आहे! पीटर हंटचं दिग्दर्शन, बर्फातला पाठलाग, शेवटी लग्नानंतर लगेच बायकोचा खून. आज अनेक जाणकार त्याला मालिकेतल्या उत्तम सिनेमांत धरतात, मीही धरतो. लेझनबी एका सिनेमातच बाजूला झाला यात त्याच्या स्वतःच्या निर्णयाचाही भाग होता, असल्या सिनेमांचे दिवस संपले असं त्याच्या सल्लागारानं त्याच्या मनात भरवलं होतं. म्हणून सगळं खापर मी निर्मात्यांवर फोडत नाही. पण तो खण उघडायचा प्रसंग मला प्रत्येक वेळी खटकतो.

कॉनरीला 1971 मध्ये एका सिनेमापुरतं परत आणलं. मग 1973 मध्ये रॉजर मूर आला आणि तोवर निर्माते शहाणे झाले होते. 'लिव्ह अँड लेट डाय'मध्ये बाँड पहिल्यांदा दिसतो तो स्वतःच्या घरी, झोपलेला. पहाटे साहेब म्हणजे एम दारात हजर, आणि हा त्यांच्यासाठी मोठ्या यंत्रावर साग्रसंगीत कॉफी करतोय, आत लपलेली बाई त्यांना दिसू नये म्हणून धडपडतोय. ऑफिसातला नेहमीचा प्रवेश गाळलाच. व्होडका मार्टिनी नाही, सिगारेटऐवजी सिगार. शस्त्रं देणारा क्यू या सिनेमात अजिबात नाही. नेहमीच्या जॉन बॅरीऐवजी जॉर्ज मार्टिनचं संगीत आणि शीर्षकगीत पॉल मॅकार्टनीचं. ज्या-ज्या ठिकाणी प्रेक्षकानं कॉनरीशी तुलना केली असती, ती ठिकाणंच काढून टाकली. मूर सात सिनेमे टिकला. (मूर आणि आपले डॉ. लागू दोघेही 1927 चे, एका महिन्याच्या अंतरानं जन्मलेले. उगाच आठवलं.)

मूरचं कौतुक आमच्याकडं थोडं जास्तच आहे, कारण 'ऑक्टोपसी'. उदयपूरचं शूटिंग, कबीर बेदी, विजय अमृतराज. तो सिनेमा 1983 चा, आणि त्याच वर्षी कॉनरी दुसऱ्या निर्मात्यांच्या सिनेमातून पुन्हा बाँड होऊन आला होता. जुना आणि नवा एकाच वर्षी समोरासमोर, आणि कमाईत 'ऑक्टोपसी' पुढं राहिला. खरा बाँड एकच, असं म्हणणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावं.

टिमथी डाल्टनवर मात्र अन्याय झाला. 1987 चा त्याचा पहिला सिनेमा बघताना कळतं की काही विनोद मूरच्या तोंडचे आहेत, ते या गंभीर माणसाला शोभत नाहीत. दोन सिनेमे, मग कोर्टकज्जे, आणि सहा वर्षं बाँड गायब.

1995 मध्ये पिअर्स ब्रॉस्ननचा 'गोल्डनआय' आला आणि 2006 मध्ये डॅनिअल क्रेगचा 'कॅसिनो रोयाल'. हे दोन्ही सिनेमे एकाच माणसानं केलेत, मार्टिन कॅम्पबेलनं. ग्रुपवर नटांच्या याद्या टाकणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव माहीत आहे? दोनदा नवा बाँड आणायचं काम त्याच्याकडं आलं, दोनदा त्यानं ते पार पाडलं, आणि दोन्ही वेळा वेगळ्या वाटेनं. ब्रॉस्ननच्या वेळी शीतयुद्ध संपलेलं होतं, तर थेट साहेबाच्या खुर्चीत बसलेली बाई, ज्युडी डेंचची एम, बाँडला तोंडावर सांगते की तू त्या काळातला डायनासोर आहेस. प्रेक्षकाच्या मनातली शंका तिनं बोलून टाकली आणि मोकळी झाली.

क्रेगच्या वेळचा गदारोळ तर आठवत असेल. 2005 मध्ये नाव जाहीर झालं तेव्हा केस सोनेरी आहेत म्हणून बहिष्काराची भाषा झाली. पत्रकारांसमोर तो बोटीतून लाइफ जॅकेट घालून आला, त्याचीही खिल्ली उडवली. निर्मात्या बार्बरा ब्रॉकली त्याच्यासाठी अडून बसल्या म्हणून तो राहिला. आणि मग 'कॅसिनो रोयाल'. सुरुवात कृष्णधवल, बाँडचा पहिला खून, तोही बाथरूममध्ये धडपडत केलेला. क्यू नाही, एमची सेक्रेटरी मनीपेनी नाही. मूरच्या पहिल्या सिनेमातही क्यू नव्हता हे मी वर सांगितलंच.

पण जुनं काहीच नव्हतं असं नाही, आणि इथंच खरी कारागिरी आहे. ती चंदेरी ॲस्टन मार्टिन गाडी, 1964 पासून बाँडची म्हणून ओळखली जाणारी, ती क्रेगला आयती मिळत नाही. बहामाजमध्ये पत्त्यांच्या टेबलावर तो ती समोरच्याकडून जिंकतो. आणि बाँडची ती प्रसिद्ध धून? अख्खा सिनेमाभर तिचे तुकडे कानावर पडत राहतात, पण पुरी वाजत नाही. शेवटच्या दृश्यात तो बंदूक घेऊन उभा राहतो, आपलं नाव सांगतो, आणि मग ती पूर्ण सुटते. अडीच तास काम केल्यावर त्याला ते नाव मिळतं. नव्या नटाला वारसा असा द्यायचा असतो.

सोबतची माणसं हा आणखी एक मुद्दा. डेस्मंड लेव्हलिन 1963 पासून 1999 पर्यंत क्यू होता, त्यानं पाच बाँडसोबत काम केलं. ज्युडी डेंच ब्रॉस्ननच्याही साहेब आणि क्रेगच्याही. असं एखादं माणूस समोर असलं की नवा नट अर्धा उभा राहतो.

आता पुढचं. 'नो टाइम टू डाय'मध्ये 2021 साली बाँड मेला. 1962 पासून ज्या घराण्यानं ही मालिका सांभाळली त्या ब्रॉकली कुटुंबानं 2025 मध्ये सूत्रं ॲमेझॉनकडं सोपवली. दिग्दर्शक म्हणून डेनी विलनव्ह, लेखक स्टीव्हन नाइट, निर्माते एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन ही नावं जाहीर झाली. बऱ्याच जणांना यात धोका दिसतो. कंपनीची घाई, एका सिनेमातून दहा मालिका काढायची हाव, ही भीती मलाही आहे. एका घरानं इतकी वर्षं स्वतःच्या नावाची काळजी घेत सिनेमा काढणं वेगळं आणि कंपनीनं वर्षाचा हिशेब बघत काढणं वेगळं.

पण हेमन या नावामुळं मला धीर येतो. हॅरी पॉटरच्या सिनेमांचा निर्माता तोच. त्यात शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर करणारे रिचर्ड हॅरिस 2002 मध्ये वारले, मालिका अर्ध्यातही नव्हती. तिसऱ्या सिनेमात, 2004 मध्ये, मायकेल गॅम्बन आले. त्याच सिनेमाला दिग्दर्शक नवा होता, अल्फॉन्सो क्वारोन. सगळा रंगच बदललेला, मुलं मोठी झालेली, शाळा अधिक काळोखी. त्या बदललेल्या घरात गॅम्बन उपरे वाटले नाहीत. हे ज्यानं एकदा निभावलंय, त्याला बाँडच्या वेळीही काय करायचं ते कळत असणार.

माझ्या अपेक्षा साध्या आहेत. मेलेला बाँड जिवंत कसा, याचा खुलासा देत बसू नका. आजवर इतक्यांदा चेहरा बदलला तेव्हा कुणी खुलासा मागितला नाही, आताही मागणार नाही. क्रेगचा तुटका, दुखावलेला बाँड या नव्या माणसाच्या माथी मारू नका, त्याचं दुःख त्याच्याबरोबर संपलं. समोर एम म्हणून असा कुणी पिकलेला नट बसवा की ज्याच्यापुढं नवा मुलगा जपून बोलेल. आणि किमान तीन सिनेमांचा वेळ द्या, डाल्टनसारखं दोनांत गुंडाळू नका.

आणि आपल्या लोकांना एक विनंती. ट्रेलर येईल तेव्हा हिंदी डबचा आवाज, सूटचं माप, केस, सगळ्यावर बोलायचं ते बोला, पण 'हा बाँड नाही' एवढं पिक्चर बघायच्या आधी लिहू नका. पहिल्या दिवशी पहिला शो मी बघणार आहे, ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा, तिकिटं एकदमच काढू. तोवर ज्यांनी लेझनबीचा सिनेमा पाहिला नाही त्यांनी आधी तो बघा, आणि तो खण उघडायचा प्रसंग तुम्हालाही खटकतो का ते मला सांगा.