हमडर्जन झालंय, रजा हवी

ताप असला की रजा मागायला तोंड असतं. पण अंग थंड, जीभ स्वच्छ आणि तरीही बादली भरेपर्यंत आपले सुस्कारे चालू, अशा सकाळी साहेबांना कळवायचं काय? ‘मूड नाही’ म्हटलं तर कायमचीच रजा मिळायची.

अठराव्या शतकातल्या इंग्रजांची मात्र चैन होती. बायकांना ‘व्हेपर्स’ व्हायचे. पोटातल्या वाफा थेट मेंदूत चढायच्या आणि बाईसाहेब दिवाणावर आडव्या. पुरुष ‘स्प्लीन’चं नाव सांगायचे. म्हणजे दोष प्लीहेचा, तिथल्या काळ्या पित्ताचा. आपण बिचारे निमित्तमात्र. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या डॉ. जॉर्ज चेनींनी तर १७३३ साली ‘द इंग्लिश मॅलडी’ असा ग्रंथच लिहिला. दमट हवा, चमचमीत खाणं आणि लंडनची गर्दी ही त्यांनी दिलेली कारणं. खात्यापित्या घरांतल्या जवळपास एक तृतीयांश तक्रारी याच जातीच्या, असा त्यांचा हिशेब. डॉक्टर स्वतः एके काळी दोनशे किलोंच्या घरात होते, तेव्हा चमचमीत खाण्याबद्दल त्यांचा अधिकार मानायलाच हवा. (पुढे दूध-भाजीपाल्यावर आले, बिचारे.)

पण माझा जीव जडलाय तो फ्रान्सिस ग्रोसवर. या गृहस्थाने गल्लीबोळातल्या इंग्रजीचा कोश केला. पहिली आवृत्ती १७८५ची. त्यात ‘हमडर्जन’ आहे. अर्थ : काल्पनिक आजार. वर खुलासा असा, की रुग्णाच्या मांडीचा सगळ्यात जाड भाग ढुंगणाला लागून आहे, बाकी त्याला काही झालेलं नाही. उगाच खट्टू आहे इतकंच. माझं इतकं अचूक निदान आजवर एकाही डॉक्टरने केलेलं नाही, आणि तेही फी न घेता! याच कोशात ‘मलिग्रब्ज’ही आहेत, म्हणजे अशीच खोटी आजारी उदासी, चिरलेलं गवत खाऊन होणारी. त्याआधी सोळाव्या शतकात याच उदासीला ‘मबल-फबल्ज’ म्हणत. नुसतं नाव घेतलं तरी निम्मी उदासी पळावी.

आमच्या ऑफिसात दर सोमवारी ‘आज कसं वाटतंय?’ असा फॉर्म येतो आणि खाली पाच पिवळे गोल चेहरे. रडका दाबला की एचआरची मुलगी काळजीच्या सुरात फोन करते. हसरा दाबला की साहेबांना वाटतं, याच्याकडे वेळ आहे. म्हणून सगळं ऑफिस मधला दाबतं. तसला ठोकळा चेहरा मी फक्त पासपोर्टवर पाहिलाय.

परवा शेवटी घरीच बसलो. आत्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “काही नाही रे, डोक्यात गॅस चढलाय.” आमची आत्या वसईच्या पलीकडे कधी गेलेली नाही, आणि व्हेपर्सचं निदान तोंडपाठ! मी कौतुकाने तिला लंडनच्या बायकांची हकिगत सांगू लागलो.

“ओवा खात नसतील,” ती म्हणाली, आणि माझ्या तळहातावर चिमूटभर टेकवला.