कोण स्वाती?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आज सकाळी सूचना आली: 'सभासदांनी गच्चीवर दुर्बीण नेण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी.' सगळ्या सोसायटीत दुर्बीण एकाच सभासदाकडे आहे. तरी 'सभासदांनी'!

लेमन धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला 21 ऑक्टोबर 2025 ला, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाला. जवळ म्हणजे सुमारे नऊ कोटी किलोमीटर. अमावस्या, त्यामुळे चंद्राची कटकट नाही. पण पुण्यात दिवाळीची अमावस्या काळी कधी असते? फटाक्यांचा धूर, घरोघरी आकाशकंदील. शेवटी त्याच आठवड्यात ढगांनी जरा जागा सोडली त्या संध्याकाळी मी दहा बाय पन्नासची दुर्बीण गळ्यात अडकवून टाकीमागे उभा राहिलो. डोळे अंधाराला जेमतेम सरावले आणि तोंडावर टॉर्च पडला.

"कोण आहे?"

"मी, काका. बी विंग."

सेक्रेटरींनी टॉर्च दुर्बिणीवर नेला. "काय बघताय?"

"धूमकेतू."

"समोर ए विंग आहे."

"ए विंगच्या वर बघतोय."

"वर पेंटहाऊस आहे."

"त्याच्याही वर, काका. स्वातीच्या जरा वर."

काका गप्प. मग अत्यंत हळू आवाजात, "कोण स्वाती?"

स्वाती हे नक्षत्र आहे हे पटवण्यात पाच-सात मिनिटं गेली. तेवढ्यात धूमकेतू आणखी खाली सरकला. मग काकांना स्वतःच बघायचं होतं. पट्टा माझ्याच गळ्यात, त्यामुळे मीही ओढला गेलो.

"हे धुरकट? काच पुसा हो."

आता काय सांगणार! चौथ्या प्रतीचा, म्हणजे तसा मंदच, तारा असता तर ठिपका तरी दिसला असता. धूमकेतूचा तेवढाच उजेड पसरलेला, पातेलंभर भातावर चमचाभर तूप. काकांनी फुल ब्राइटनेसवर मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "हा बघा, हिरवागार! शेपूट बघा केवढी!"

हिरवा रंग कार्बनच्या रेणूंचा, तो कॅमेऱ्याला दिसतो, इतक्या मंद उजेडात डोळ्याला नाही, असं मी सांगत होतो.

"नासाने लपवलाय तो हाच ना?"

"तो वेगळा. थ्री आय ॲटलास. सूर्यमालेच्या बाहेरून आलाय."

"मग हा लोकल?"

"लोकल. पण तेराशेहून जास्त वर्षांनी आलाय."

काकांनी समजुतीने मान हलवली. पुण्यात कशाला किती उशीर होतो हे त्यांना नव्याने सांगायला नको.

खरा राग मात्र टाकीवरच्या दिव्याचा आहे. सुरक्षेसाठी कमिटीने बसवलेला पांढरा एलईडी, तोंड आभाळाकडे. चोर विमानाने येणार असावेत. पूर्वीचे पिवळे सोडियमचे दिवे निदान फिल्टर लावून थोडेफार कापता यायचे. या पांढऱ्याला तोही इलाज नाही. रस्त्यावर तेच, जाहिरातींच्या फलकांवर तेच. वीज वाचली म्हणतात, म्हणून तिप्पट दिवे लावतात. पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे मेंटेनन्स इथे भरायचा आणि अंधारासाठी वाघाशेजारी जाऊन बसायचं!

"काका, दहा मिनिटं एवढा दिवा घालवता का?"

"अहो, दिवा घालवला तर तुम्हाला तो दिसणार कसा?"