उघडतं, पण लागत नाही

घरात कुठलंही झाकण अडलं की माझ्या नावाने हाक येते. नवरा माझ्यापेक्षा सहा इंच उंच, रोज व्यायाम करणारा. पण बरणीशी पाच मिनिटं झटापट करून, फडकं गुंडाळून, झाकणाच्या कडेवर चमचा आपटून झाला की तो ती मुकाट्याने माझ्यापुढे सरकवतो. मी डाव्या हाताने एक हिसका देते. टक्! "अगं, मी सैल करून ठेवलं होतं," तो म्हणतो. हे वाक्य आमच्या लग्नाइतकंच जुनं आहे.

खरं तर यात माझ्या ताकदीचा काही संबंध नाही. तळहात वर वळवताना दंडातला मोठा स्नायू मदतीला येतो, खाली वळवताना तो हात वर करून बाजूला होतो. उजव्या हाताने हे जोरकस वळण घेतलं की ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जातं, आणि जगातले स्क्रू नि झाकणं आवळली जातात तीही त्याच दिशेने. डाव्या हाताचं जोरकस वळण बरोबर उलटं, म्हणजे सोडवण्याचं. त्यामुळे उजव्या माणसाला घट्ट लावता येतं आणि मला उघडता येतं. लावता मात्र येत नाही. प्रवासात माझ्या बॅगेत शाम्पू नेहमी कपड्यांनाच लागलेला असतो, आणि मी बसवलेला कपाटाच्या मुठीचा स्क्रू महिन्याभरात डुगडुगायला लागतो. नवरा मग आपला पेचकस घेऊन येतो आणि तो पाऊण आटा फिरवताना चेहऱ्यावर जे भाव आणतो ते मी इथे लिहीत नाही.

दर दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो असं म्हणतात. आमच्या घरात तो एक मीच. त्यामुळे स्वयंपाकघर उरलेल्या नऊ जणांच्या सोयीने लागलेलं आहे, जरी त्यात सगळ्यात जास्त वेळ मी उभी असले तरी. आमच्याकडे एका बाजूला चोच काढलेला डाव आहे. ज्या वस्तूचं नावच डाव, तिची चोच उजव्या हाताने ओतणाऱ्याच्या सोयीने काढलेली! मी डाव्या हातात धरला की चोच बाहेर तोंड करते. मग कोपर खांद्यापर्यंत उचलून, मनगट मुरडून मी जे काही करते त्याला ओतणं म्हणत नाहीत. लांबून बघणाऱ्याला वाटेल मी भांड्याला काहीतरी समजावून सांगते आहे. दातेरी सुरीचंही तेच. तिच्या पात्याला धार एकाच अंगाने काढलेली असते, त्यामुळे माझ्या हातात ती सरळ न जाता तिरकी होत जाते. कापलेले तुकडे वरून जाड आणि खाली पातळ. घरात त्याला 'आईचे पाचर' असं नाव आहे. मापाच्या एका भांड्यावरचे आकडे मला दिसावेत म्हणून मला भांडं तरी फिरवावं लागतं, नाहीतर स्वतः तरी फिरावं लागतं. आणि एका वाढदिवसाला कुणीतरी कॉफीचा मग दिला होता, त्यावर गमतीदार चित्र होतं म्हणे. मी तो दोन वर्षं वापरला. चित्र समोर बसलेल्यांनी पाहिलं.

शाळा-कॉलेजातलं काय सांगावं! उजव्या हाताला लिहायची फळी जोडलेली ती खुर्ची ज्याने कुणी काढली, त्याच्यावर तशाच खुर्चीत बसून डाव्या हाताने तीन तासांचा पेपर लिहायची वेळ यावी, एवढीच माझी इच्छा आहे. कंबरेतून वळून, डावं कोपर अधांतरी ठेवून मी पदवीपर्यंत पोचले. शिवाय आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाणारी. माझा हात लिहिलेल्या अक्षरांवरूनच पुढे सरकतो, आणि मग शिरोरेघ द्यायला परत मागे जाऊन पुन्हा त्यांच्यावरून येतो. म्हणजे प्रत्येक शब्द दोनदा पुसला जायचा. करंगळीची बाजू कायम निळी. लिओनार्दो दा विंची आपल्या वह्या उजवीकडून डावीकडे, आरशात धरून वाचाव्यात अशा उलट्या लिहायचा. तो डावखुरा होता आणि शाई पसरू नये म्हणून तसं करत असावा, असा एक अंदाज आहे. मला तो एका फटक्यात पटतो. मीही पाचवीत अर्धं पान तसं लिहून पाहिलं होतं. बाईंनी आरसा आणला नाही, आईला बोलावलं.

भाषेकडून न्याय मागावा तर तीही त्यांचीच. चांगलं ते उजवं. एखाद्याला बाजूला सारलं की डावललं. वाईट नादाला लागलेला माणूस वाममार्गाला जातो. तो 'वाम' म्हणजे पुन्हा डावाच. पंक्तीपासून पगारापर्यंत भेदभाव झाला की 'डावं-उजवं केलं', आणि त्यातही कमी मिळालेलं ते डावं, हे सांगावं लागत नाही. संस्कृतातला 'सव्य' मुळात डावा. त्यामुळे दोन्ही हातांनी बाण सोडणारा अर्जुन सव्यसाची. पण आमच्या वाट्याला आलं ते सव्यापसव्य. सगळ्या शब्दकोशात आमच्या बाजूने एकच शब्द उभा आहे, वामकुक्षी. तोही उभा नाही म्हणा, आडवा आहे.

एकदा मात्र या जगात माझ्या बाजूचे आटे भेटले. सायकलचं डावं पेडल बदलायचं होतं. पान्हा लावला, मी माझ्या नेहमीच्या सोडवायच्या दिशेला जोर केला. हललं नाही. अजून जोर केला. पायाने दाब दिला. नवऱ्याने खिडकीतून "मी येऊ का?" विचारलं आणि मी "नको" म्हणून आणखी दहा मिनिटं इमानेइतबारे ते पेडल आवळत बसले. नंतर कळलं की सायकलच्या डाव्या पेडलचे आटे मुद्दाम उलटे पाडलेले असतात, पेडल मारता मारता ते सुटून येऊ नये म्हणून. म्हणजे अख्ख्या घरात एकच वस्तू अशी होती की जी मला, आणि फक्त मला, घट्ट लावता आली असती. ती मी सोडवायला गेले होते.

तर हे सगळं रडगाणं ऐकून कंटाळलेल्या माझ्या ताईने यंदा एक खोकं पाठवलं. डावखुऱ्यांचा आंतरराष्ट्रीय दिवस १३ ऑगस्टला असतो, १९७६ पासून पाळतात. तो गाठून पाठवलं होतं. आत डाव्या हाताची कात्री, डाव्या हाताचं सोलाणं, आणि डाव्या बाजूने चावी फिरवायचा कॅन ओपनर. बाजारात 'दोन्ही हातांसाठी' म्हणून कात्र्या मिळतात त्यातली ही नव्हती. त्यांच्यात नुसत्या मुठी सारख्या केलेल्या असतात, पाती उजवीच. ही अस्सल होती: पात्यांची जागा आरशात पाहिल्यासारखी बदललेली. मी कागद घेतला, त्यावर पेन्सिलने सरळ रेघ मारली. आयुष्यात पहिल्यांदा कापायची रेघ वरच्या पात्याखाली न दडता मला समोर दिसत होती. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. कात्री चालवली.

कागद कापलाच नाही. दोन पात्यांच्या मध्ये शिरून शांतपणे दुमडला.

पुन्हा चालवली, पुन्हा दुमडला. मग माझं लक्ष माझ्या अंगठ्याकडे गेलं. साध्या कात्रीत उजव्या हाताचा अंगठा दाबताना नकळत बाहेर ढकलतो, बोटं आत ओढतात, आणि त्या ओढाताणीत दोन्ही पाती एकमेकांना चिकटून चालतात. डाव्या हातात तीच ओढाताण पात्यांना फाकवते. हे काही मला कुणी शिकवलं नव्हतं. पण पहिलीत कागदी फुलं कापताना माझ्या अंगठ्याने स्वतःहून शोध लावला होता, की आपण उलटं करायचं, अंगठा आत ओढायचा आणि बोटं बाहेर रेटायची. तेव्हापासून तो इमानाने तेच करतो आहे. आता खास माझ्यासाठी घडवलेल्या कात्रीतही त्याने तेच केलं आणि पाती फाकवली. मी त्याला समजावलं, की बाबा रे, आता आपले दिवस आलेत, सरळ दाब. तो दोन चाली सरळ दाबतो, तिसऱ्या चालीला जुन्या वळणावर जातो. सोलाण्याने दुसऱ्याच दिवशी सालीबरोबर माझ्या बोटाचं थोडं घेतलं, तेव्हापासून ते विश्रांती घेतंय.

ताईचा फोन आला. "काय गं, झालं का समाधान?"

"फारच छान आहे," मी म्हटलं. बहिणीशी तरी खोटं बोलू नये, पण खोकं परत पाठवायचा खर्च तिलाच पडला असता.

कात्रीचा उपयोग झाला नाही असं मात्र नाही. ती मी खणात जुन्या कात्रीशेजारीच ठेवली. दोन दिवसांनी नवरा एक पाकीट घेऊन माझ्यासमोर उभा. पाकिटाचा कोपरा चघळल्यासारखा झालेला.

"ही कात्री बोथट आहे गं."

माझ्या बालपणी हे वाक्य मी रोज म्हणायचे आणि त्यावर मला जे उत्तर मिळायचं ते मी तीस वर्षं जपून ठेवलं होतं. "कात्रीला काही झालेलं नाही," मी अगदी बाईंच्या आवाजात म्हटलं, "तू नीट धर."

त्याने नीट धरून पाहिली. जीभ थोडी बाहेर काढून, भुवया आवळून. पाकीट दुमडलं. मला इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

परवा मुलीला शाळेच्या तक्त्यासाठी चित्रं कापून हवी होती. खण उघडून दोन्ही कात्र्या हातात धरून तिने विचारलं, "आई, यातली चालणारी कुठली?"

"कोण कापणार त्यावर आहे."

"तू."

मी जरा विचार केला. "मग कुठलीच नाही."

तिने दोन्ही परत ठेवल्या, कागदाला घडी घातली, घडीवरून नख फिरवलं, जीभ लावली आणि हातानेच फाडला. अगदी सरळ फाटला.