तासाला तेराशे म्हणजे लूट? लांज्याच्या काकांना उत्तर

काका नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि वाचल्या वाचल्या डोकं सटकलं होतं, काहीतरी तिखट टाइप पण केलं होतं, मग पुसून टाकलं. सकाळी ट्रॅक्टरला ग्रीस मारताना परत आठवली तेव्हा वाटलं की यातल्या निम्म्या गोष्टी बरोबर आहेत, त्यामुळे दोन ओळी टाकून मोकळं होण्यापेक्षा नीटच लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मी भाड्याने मिनी ट्रॅक्टर चालवतो. काकांची कोकणात लांजा तालुक्यात दोन एकर जमीन आहे, ते डोंबिवलीला असतात, आणि मी मागच्या वेळी मिनी ट्रॅक्टरने झाडी साफ करायचे दर लिहिले होते त्यावर त्यांचं म्हणणं असं की तासाला 1,300 ही लूट आहे, बहिणीकडे कोल्हापूरला मोठा ट्रॅक्टर रोटावेटरसकट (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) हजारात येतो, त्यांच्याच गावात एक जण 900 मध्ये करून देतो, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे "तासावर काम म्हणजे ड्रायव्हरला झोपायचे पैसे, हिंमत असेल तर फोनवर एकराचा भाव सांगा."

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरू करतो कारण खरी गोम तिथंच आहे. माझा मल्चर, म्हणजे ट्रॅक्टरमागे लावायचं गवत-झुडपं कापून चुरा करणारं अवजार, चार फुटी, म्हणजे 1.2 मीटर. ट्रॅक्टर ताशी दोन किलोमीटरने चालला तर कागदावर तासाला 2,400 चौरस मीटर होतं, पण वळणं, एकावर एक पडणारे पट्टे, दगड दिसला की थांबणं हे सगळं जाऊन साठ टक्के हातात येतं, म्हणजे 1,440 चौरस मीटर, चौदा गुंठे. एकर झाला पावणेतीन-तीन तासात. हे झालं कमरेएवढ्या गवताचं. आता त्याच एकरात करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरी (टणटणी) असेल तर दीड किलोमीटरच्या वर जाता येत नाही, तेही मागे घेऊन परत दुसऱ्यांदा फिरवायला लागतं, थांबणं वाढतं, हिशोब करून बघा तासाला साडेचारशे चौरस मीटर पण जेमतेम होतं, एकराला नऊ तास. तोच ट्रॅक्टर, तोच ड्रायव्हर, तोच एकर, आणि बिल एकदा साडेतीन हजार आणि एकदा पावणेबारा हजार. मग फोनवर मी तुम्हाला कुठला आकडा सांगू? मधला सांगितला तर गवतवाल्याला मी लुटला आणि करवंदीवाल्याने मला.

आणि मी सांगायचो हं, सुरुवातीला. पहिल्याच वर्षी राजापूरकडच्या एका पार्टीला फोनवर एकरी पाच हजार सांगितले, दोन एकर, "फक्त गवत आहे हो" असं ते तीनदा म्हणाले. गवत होतंच, पण गवताच्या पोटात जुन्या कंपाउंडची काटेरी तार लोळत पडलेली, वीस-बावीस वर्षांपूर्वी कोणी घातलेली, खांब कुजून गेले आणि तार राहिली. पहिल्या अर्ध्या तासात ती मल्चरच्या रोटरला अशी गुंडाळली की ग्राइंडर आणून कापून काढावी लागली, बेल्ट गेला, एका बाजूचं बेअरिंग गेलं. दोन दिवसात तेरा तास मशीन चाललं, दुरुस्तीचे साडेसहा हजार वेगळे, आणि हातात आले दहा हजार. त्या माणसाची चूक नव्हती, त्यालाही तार माहीत नव्हती, वडिलांच्या काळची. पण तेव्हा मला कळलं की या धंद्यात भाव जमिनीचा नसतोच, जे दिसत नाही त्याचा असतो, आणि ते कोणाच्या डोक्यावर फुटणार हे आधी ठरवायला लागतं. एकरी भावात ते सगळं माझ्या डोक्यावर. तासाच्या भावात सगळं तुमच्या डोक्यावर. तुम्ही चिडलात ते याच्यावर चिडलात, आणि बरोबर चिडलात.

झोपायच्या पैशाचं सांगतो. झालंय असं. माझ्याकडेच झालंय. मुंबईच्याच एका गिऱ्हाइकाचं काम होतं, मी दुसरीकडे होतो, ड्रायव्हरने नऊ तास सांगितले, मी नऊ तासांचं बिल पाठवलं, त्यांनी मुकाट्याने दिलं. संध्याकाळी सहज ट्रॅक्टरचा तास मोजणारा मीटर बघितला तर साडेसहा तासच वाढलेले. अडीच तास बिड्या, जेवण, मोबाइल. तेव्हा दर 1,200 होता, तीन हजार परत पाठवले त्यांना, आणि लाज वाटली ती वेगळीच. तेव्हापासून काम सुरू करताना आणि संपल्यावर मीटरचा फोटो गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअॅपवर जातो, आणि बिल त्या दोन फोटोंच्या वजाबाकीचं. कोणालाही तासावर बोलावलंत तर हे मागा, देत नसेल तर सोडून द्या. फक्त एक बघा, जुन्या ट्रॅक्टरचा काट्याचा मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, घड्याळावर नाही, त्यामुळे तो आणि घड्याळ यात थोडा फरक पडतो, त्यावरून भांडू नका. डिजिटलवाला घड्याळाप्रमाणे चालतो.

आता 1,300 कुठून आले. वही समोर ठेवून लिहितोय. चोवीस एचपीचा फोर व्हील ट्रॅक्टर, मल्चर आणि एक रोटावेटर मिळून मला साडेसात लाखाला पडलं. दहा वर्षांनी दोन लाखाला जाईल असं धरलं तर वर्षाला 55,000 नुसती झीज. आमच्याकडे पावसाचे चार महिने थोडी चिखलणी सोडली तर गाडी शेडमध्येच, त्यामुळे वर्षाचे तास भरतात साडेचारशेच्या आसपास, घाटावरच्या ट्रॅक्टरसारखे हजार-बाराशे नाही भरत. म्हणजे झीज तासाला 120. बँकेचं व्याज 100. डिझेल मल्चर लावला की तासाला तीन लिटर, भाव नव्वदच्या वर, धरा 280. पाती, बेल्ट, बेअरिंग 100. टायर, पंक्चर (करवंदीचा काटा ट्यूबला काय करतो ते मला विचारा), ऑइल, फिल्टर 80. ड्रायव्हर 800 आणि सोबतचा गडी 600, दिवसाचे 1,400, आणि दिवसभरात मशीन खरं चालतं पाच तास, बाकी येणं-जाणं, पाती बघणं, अडकलेलं काढणं, म्हणजे तासाला 280. बेरीज 960. उरले 340. त्यातून जागा बघायला जायचं पेट्रोल, इन्शुरन्स, गाडी बंद पडली ते दिवस, बुडालेली उधारी (ती असतेच, नात्यातल्यांची तर हमखास), आणि मग माझी मजुरी. साडेचारशे तासांचे दीड लाख, वर्षाचे. याला लूट म्हणायचं तर म्हणा.

तुमच्या गावातला 900 वाला खोटा नाही. तो स्वतः चालवतो त्यामुळे ड्रायव्हरचे धरत नाही, आणि अनुदानात ट्रॅक्टर मिळाला असेल किंवा हप्ते फिटले असतील तर व्याज नाही. पण झीज त्यालाही आहे, फक्त ती दर महिन्याला दार वाजवत नाही म्हणून तो मोजत नाही. तो चांगलं काम करत असेल तर त्यालाच बोलवा, मी मनापासून सांगतोय, 40 किलोमीटरवरून मला आणण्यापेक्षा ते स्वस्त पडेल, कारण पिकअपमध्ये घालून जाऊन येऊन माझे तीन हजार नुसते भाड्याचे होतात आणि ते तुमच्या बिलात येणार. दोन एकराच्या कामाला ते जड जातं. आजूबाजूच्या तीन-चार जणांनी मिळून एका आठवड्यात काम काढलं तर वाटून जातं, हे मी सगळ्यांना सांगतो आणि कोणी करत नाही, वाडीत एकमेकांशी बोलायला नको ना.

कोल्हापूरची तुलना मात्र नको. तिकडे उसाचं रान तयार, सपाट, काळी माती, पन्नास एचपी आणि सहा फुटी रोटावेटर सरळ रेषेत जातो. तो रोटावेटर आपल्या झाडीत घाला, पंधरा मिनिटांत वेली शाफ्टला गुंडाळून थांबेल, आणि जांभ्यावर, आपल्या लाल दगडावर, पाती बोथट. झाडी कापायला मल्चर किंवा स्लॅशरच (फिरत्या पात्याने नुसतं कापणारं अवजार) लागतो, रोटावेटर त्याच्यानंतर, तोही माती असेल तिथंच.

मी हल्ली काय करतो ते सांगतो, तुमच्या एकरी भावाच्या हट्टातून थोडं शिकलोच आहे म्हणा. आधी जागा बघतो किंवा चारही कोपऱ्यांतून उभं राहून काढलेला व्हिडिओ मागवतो, फोटो नको, फोटोत सगळं हिरवंगार आणि छान दिसतं. मग पहिला तास चालवून बघायचा, त्या तासात किती गुंठे झाले त्यावरून पूर्ण कामाची वरची मर्यादा सांगतो. कमी तास लागले तर कमीच पैसे, मर्यादेच्या वर गेलं तर माझ्या खिशातून. मर्यादा सांगताना मी जरा सैल हाताने सांगतो हे कबूल, मला पण झोप लागायला पाहिजे. आणि तीन गोष्टी त्यात धरत नाही: पुरलेली तार, गवतात लपलेले सुटे दगड आणि मनगटापेक्षा जाड खुंट. ते निघाले की काम थांबवून फोन, मग पुढचं बोलू. पहिला तास चालवून पटलं नाही तर एका तासाचे आणि भाड्याचे पैसे देऊन मोकळे व्हायचं. आत्तापर्यंत दोघेच मोकळे झाले, त्यातला एक पुढच्या वर्षी परत आला.

जाड खुंटावरून आठवलं, "सगळं सपाट करून द्या" असं सांगणारे खूप असतात. झाडीत खैर, ऐन, किंजळ, जांभूळ यांची झाडं असतात, आणि झाडं तोडण्याचा 1964 चा कायदा आहे, ही सगळी त्याच्या यादीत आहेत, आंबा-फणस पण आहेत, स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. मी फक्त झुडपं आणि गवत घेतो, झाडाला वळसा घालतो, त्या वळशाचा वेळ जातो, तो बिलात येतो. आणि हद्द. हद्दीचे दगड दाखवायला घरचं कोणीतरी पाहिजेच, नाहीतर शेजाऱ्याची काजूची दोन रोपं गेली की तुमचा माझा दोघांचा उद्धार होतो.

कधी मला बोलावू नका तेही लिहितो. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या पठारावर, कातळ वर आलाय तिथं नको. उतार इतका की पाण्याची बाटली आडवी ठेवली तर सुसाट जाते, तिथं नको, ट्रॅक्टर उलटला तर तासाचा कुठलाच दर पुरत नाही. आंबा पाच बाय पाच मीटरवर लावलाय अशा बागेत पण नको, फांद्या सायलेन्सरला लागतात, दहा बाय दहाच्या जुन्या बागेत मजेत फिरतो. आणि दहा-पंधरा गुंठ्यांसाठी तर अजिबात नको, ग्रासकटरवाला गडी बघा. आमच्या भागात तो मशीन आणि पेट्रोलसकट दिवसाचे 1,200 ते 1,500 घेतो, बेणणी (झाडांखालचं गवत-तण काढणं) स्वच्छ करतो, झाडाच्या बुंध्यापर्यंत जातो जिथं मी जाऊच शकत नाही. एकराला त्याला तीन-चार दिवस लागतात, म्हणजे साध्या गवताला त्याचा आणि माझा खर्च फार लांब नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

एक गोष्ट दराच्या पलीकडची, पण पैसे त्यातच वाचतात. पहिल्या वर्षी जे काम नऊ तासांचं असतं ते दुसऱ्या वर्षी, वेळेवर केलं तर, निम्म्यावर येतं. वेळेवर म्हणजे रानमोडी हे तण फुलायच्या आधी. ती डिसेंबरच्या सुमाराला फुलते, मग बी वाऱ्यावर, आणि पुढच्या पावसात सगळं परत. चाकरमानी मंडळी मे महिन्यात येतात, तेव्हा साफ करायला सांगतात, तोपर्यंत बी पडून गेलेलं, गवत वाळून खडखडीत, आणि मधल्या महिन्यांत वणवा आला तर साफ करायला काही उरतच नाही, कलमं पण नाही. घाणेरी मात्र वेळेवर कापली तरी बुडातून फुटते, तिचे बुंधे गड्याकडून कुदळीने खणूनच काढायचे, तो खर्च मशीनमध्ये धरू नका.

तर तुमचं काम मला द्या असं म्हणत नाही, पण दिवाळीला गावाला येणार असाल तर व्हिडिओ काढून पाठवा, बघून सांगतो किती तासांचं वाटतंय, त्याचे पैसे नाहीत. तो आकडा घेऊन 900 वाल्याकडे गेलात तरी चालेल. फक्त तुम्ही लिहिलंय ना की जमिनीत आजोबांच्या वेळची बाव (विहीर) आहे, आता झाडीत दिसत नाही, कठडा होता की नव्हता आठवत नाही, तेवढं गावातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला घेऊन आधी शोधा. चार बाजूंनी बांबू ठोका आणि लाल फडकं बांधा. मी येवो नाहीतर तो येवो, ते बांधल्याशिवाय ट्रॅक्टर आत घालू देऊ नका.