प्लेट माझी, पाय नवऱ्याचा

मागच्या उन्हाळ्यात माझ्या नावाने घरी एक पाकीट आलं. आत वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याने काढलेला आमच्या गाडीचा पाठमोरा फोटो, नंबर प्लेट मोठी करून दाखवलेली, तारीख, वेळ, आणि शाळेजवळच्या ताशी ४० किमी मर्यादेच्या रस्त्यावरून गाडी ५४ ने गेल्याची नोंद. त्या वेळी मी ऑफिसात होते. गाडी नवरा चालवत होता. दंडाची रक्कम शंभर डॉलरच्या आतली. "तू भरून टाक, मी तुला ट्रान्सफर करतो," असं तो म्हणाला आणि त्याच्यापुरता विषय संपला.

माझ्यापुरता संपला नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

इथे कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात नंबर प्लेट गाडीची नसते, माणसाची असते. आपल्याकडे एमएच ११ चा नंबर गाडीला एकदा चिकटला की मालक चार बदलले तरी तोच. इथे गाडी विकताना आपण स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढची-मागची प्लेट काढायची, घरी न्यायची आणि नव्या गाडीला नोंदवून लावायची. मी पहिली गाडी विकली ती जानेवारीत, उणे १५ मध्ये. गंजलेले स्क्रू निघता निघेनात, घेणारा बिचारा आत हीटर लावून बसलेला. ओळखीतल्या एकाला हे माहीतच नव्हतं. त्याने सवयीप्रमाणे प्लेटसकट गाडी देऊन टाकली, आणि पुढे ४०७ नंबरच्या महामार्गाच्या टोलची बिलं ह्याच्या घरी येऊ लागली. ४०७ वर टोलनाका नाही. वर कॅमेरे असतात, ते प्लेट वाचतात आणि बिल प्लेटच्या मालकाला जातं. नवा मालक मजेत फिरतोय आणि हा फोनवर ताटकळतोय.

तर प्लेट म्हणजे आपलं नाव. पण त्या नावाखाली गाडी कोण चालवतंय हे प्लेटला कळत नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यात आलं, बाकीचा तपशील आहे. पण तपशीलच मजेशीर आहे.

लायसन्सचं आधी सांगते. साताऱ्यात मी अकरा वर्षं गाडी चालवली, पण ऑन्टारियोचा भारताशी लायसन्स बदलून देण्याचा करार नाही. जपान, जर्मनी, ब्रिटनवाल्यांचा आहे. आपलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून ६० दिवस चालतं, त्यानंतर जी१ (शिकाऊ), जी२ (मधलं), जी (पूर्ण) ही लायसन्सची शिडी चढायची. ही पद्धत १९९४ पासूनची. जी१ ची लेखी परीक्षा दिली की शेजारी किमान चार वर्षांचा अनुभवी माणूस बसवायचा, ४०० नंबरच्या महामार्गांवर जायचं नाही, मध्यरात्र ते पहाटे पाच गाडी चालवायची नाही. नवशिक्या असाल तर ह्यात वर्ष जातं. परदेशातला अनुभव नुसता तोंडी सांगितला तर जास्तीत जास्त बारा महिने धरतात. आरटीओतून लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट वगैरे लेखी पुरावा आणला आणि अनुभव दोन वर्षांहून जास्त निघाला, तर थेट जी ची परीक्षा देता येते.

नवऱ्याने पुण्याहून निघतानाच तो कागद आणला होता, त्यामुळे तो थेट जी. मी आणला नव्हता, म्हणून मी जी२ च्या रांगेत. (नव्याने येणाऱ्यांनो, लोणच्याच्या बरण्या राहिल्या तरी चालतील, हा कागद राहू देऊ नका.)

पहिल्या वेळी मी नापास झाले. कारण स्टॉपच्या पाटीपाशी गाडी "जवळजवळ" थांबवली होती. परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, तुम्ही वेग कमी केलात, थांबला नाहीत. मला राग आला होता. रस्ता रिकामा, चारी बाजूंना बर्फ, चिटपाखरू नाही, थांबायचं कुणासाठी? आज मात्र त्या बाईंचं मला पटतं. चाक पूर्ण थांबलं की मान आपोआप वळते. चाक फिरत राहिलं की आपण फक्त पुढची गाडी बघतो, डावीकडून येणारी सायकल दिसत नाही.

आता दंडाकडे. इथे पैशाचा दंड असतो आणि त्याशिवाय डिमेरिट पॉइंट असतात. बऱ्याच जणांना वाटतं, सुरुवातीला पॉइंट हातात असतात आणि ते कापले जातात. तसं नाही. खातं शून्यावर असतं आणि चूक केली की चढत जातं, उधारीच्या वहीसारखं. स्टॉप न पाळल्याचे ३. वेगमर्यादेच्या वर १६ ते २९ गेलात तर ३, ३० ते ४९ ला ४, ५० च्या पुढे ६. मुलं उतरत असताना स्कूल बसच्या लाल दिव्यांना न थांबण्याचे ६, आणि पहिल्याच वेळी दंड ४०० ते २,००० डॉलर. अपघात करून पळालात तर ७. गुन्ह्याच्या तारखेपासून दोन वर्षं हे खात्यावर राहतात, आणि १५ झाले की लायसन्स ३० दिवस बंद. नवशिक्यांचं ९ लाच, तेही ६० दिवस.

इन्शुरन्सवाले मात्र पॉइंट बघत नाहीत, ते बघतात गुन्हा शाबीत झाला का. म्हणून पोलिसाने दया करून "१५ च वर" असं लिहिलं तर पॉइंट शून्य, पण हप्ता वाढायचा तो वाढू शकतो. हे कळेपर्यंत आमच्या ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांनी पोलिसाला मनोमन आशीर्वाद दिलेले असतात.

काही नियम तर मला मनापासून आवडतात. हातात फोन घेऊन गाडी चालवताना सापडलात, अगदी सिग्नलला उभे असताना सुद्धा, तर २०१९ पासून पहिल्याच शिक्षेत दंडाबरोबर लायसन्स तीन दिवस बंद. जी१, जी२ वाल्यांचं ३० दिवस. आणि ८० च्या आतल्या रस्त्यावर मर्यादेपेक्षा ४० वर गेलात की ते स्टंट ड्रायव्हिंग. २०२१ पासून त्याला रस्त्यावरच ३० दिवस लायसन्स जप्त, १४ दिवस गाडी जप्त, आणि कोर्टात सिद्ध झालं तर किमान २,००० डॉलर. टो-ट्रक तुमची गाडी घेऊन जातो आणि तुम्ही रस्त्याच्या कडेला उबर शोधत उभे. हे दृश्य मी ४०१ महामार्गावरून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर एकदा पाहिलं. गाडी महागडी होती. तो मुलगा दंडाला घाबरलेला वाटत नव्हता, पण वडिलांना फोन लावताना त्याचे हात थरथरत होते.

मुद्दा हाच. पैशाचा दंड ही काहींच्या दृष्टीने वेगाची किंमत असते. परवडते, भरून टाकतात. लायसन्स परत विकत घेता येत नाही. अर्थात हेही अगदी समान नाही. आमच्या मिल्टनमध्ये गोदामात रात्रपाळी करणाऱ्याचं लायसन्स ३० दिवस गेलं तर त्याची नोकरी जाईल, आणि त्या महागडी गाडीवाल्याला वडील सोडायला येतील. तरी निव्वळ पैशापेक्षा हे बरं.

आणि इथेच शाळेजवळचा कॅमेरा कमी पडायचा. त्याला प्लेट दिसायची, चालक नाही. म्हणून दंड मालकाला आणि पॉइंट कुणालाच नाहीत. माझ्या नवऱ्याच्या खात्यावर आजही शून्य आहे. माझ्याही. गाडी मात्र ५४ ने गेली होती.

पुढे काय झालं तेही सांगते. टोरोंटोत पार्कसाइड ड्राइव्हवरचा कॅमेरा लोकांनी पुन्हा पुन्हा कापून पाडला, प्रीमियर (म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री) डग फोर्ड ह्यांनी कॅमेरे म्हणजे पैसे उकळण्याचा धंदा म्हटलं, आणि १४ नोव्हेंबर २०२५ पासून प्रांतभर ते बंद झाले. त्याच वर्षी सिककिड्स हॉस्पिटल आणि टोरोंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या संशोधकांनी टोरोंटोतल्या शाळांजवळची मोजणी छापली होती: कॅमेरा असताना मर्यादा मोडणारे ४५ टक्क्यांनी कमी झाले होते. म्हणजे लंगडा का होईना, तो चालत होता. लंगडणाऱ्याला काठी द्यायची की घराबाहेर काढायचं? मला विचाराल तर कॅमेरे परत लावा, आणि ब्रिटनसारखं मालकाला विचारा, गाडी कोण चालवत होतं? नाव द्या, पॉइंट त्याला. कोर्टाचं काम वाढेल, घराघरांत भांडणं होतील. आमच्याकडे तर नक्कीच होईल, आणि मी नाव देईन.

प्लेटच्या बाबतीत ह्या सरकारचा हात तसाही फारसा बसलेला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये नव्या निळ्या प्लेटा आणल्या, त्या रात्री दिवा पडला की वाचताच येईनात. किंग्स्टनच्या एका पोलिसाने फोटो टाकला आणि हसं झालं. मेपर्यंत गाशा गुंडाळला, तरी त्यातल्या काही अजून फिरताना दिसतात. पुढे २०२२ च्या मार्चमध्ये प्लेटवरचा नूतनीकरणाचा स्टिकर आणि त्याचे वर्षाचे १२० डॉलर रद्द. पैसे वाचले, मी तक्रार करणार नाही. १ जुलै २०२४ पासून नूतनीकरणही आपोआप होतं, पण दंड किंवा टोल थकलेला नसेल तरच. ही अट मला फार आवडते.

ती भावाला फोनवर सांगितली. त्याच्या गाडीवर तीन ई-चलनं थकली आहेत. तो म्हणाला, "ताई, लोकअदालत आली की भरू, सूट मिळते." मी विचारलं, गाडी कोण चालवत होतं? "मला काय माहीत? मित्राने नेली होती." गाडीचा नंबर २१४ आहे. 'राम' असा दिसतो म्हणून जास्तीचे पैसे भरून घेतलेला. रामाच्या नावावर चलन फाटतंय आणि गाडी हाकणारा भलताच.

शाळेजवळचा तो कॅमेरा आता नाही. परवा नवऱ्याशेजारी बसून तिथून गेले. त्याने सवयीने ब्रेक दाबला, काटा ४० वर आला. मागच्या गाडीने हॉर्न दिला.