तोतरेपणा म्हणजे घाबरटपणा नव्हे

आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: 'तोतरेपणा ही मनातली भीती. जिभेला वेखंड चोळा, तोंडात खडे ठेवून वाचायला लावा, मूल अडखळलं की थांबवून वाक्य पुन्हा म्हणून घ्या. 21 दिवसांत जीभ मोकळी.' मी लहानपणापासून अडखळत बोलतो, त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

आधी भीतीचं. चोरी पकडली की माणूस 'त त प प' करतो असं आपण म्हणतो, म्हणून अडखळणारा घाबरलेला नाहीतर खोटारडा वाटतो. पण हे सुरू होतं बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात, आणि पुष्कळदा घराण्यात चालत आलेलं असतं. 2010 साली तोतरेपणाशी निगडित तीन जनुकं सापडली. भीती येते ती मागाहून. कॉलेजात असताना रत्नागिरीहून घरी जाताना एसटीत माझ्या तोंडून 'राजापूर' निघायचं नाही. 'रा' म्हणायला जबडा आवळायचा, मान ताठ व्हायची, कंडक्टर म्हणायचा, 'अरे, बोल ना, कुठे?' मग मी 'खारेपाटण' म्हणायचो, जास्तीचे पैसे भरायचो आणि राजापूरला उतरायचो. ते जास्तीचे पैसे मी लाजेपायी भरत होतो.

वेखंडाने जीभ चरचरते, एवढंच. दोष जिभेत असता तर गणपतीत सगळ्यांबरोबर तासभर आरत्या मी न अडखळता कशा म्हटल्या असत्या? चालीत किंवा एकसुरात म्हणताना बहुतेकांचं अडखळणं थांबतं. आणि लहान मुलाच्या तोंडात खडे कृपा करून ठेवू नका, घशात जातील.

'थांब, नीट बोल' हा सल्ला मला सगळ्यात जास्त छळतो. त्यातून मूल नीट बोलायला शिकत नाही, अवघड शब्द टाळायला शिकतं, आणि पुढे बोलणंच टाळतं. त्याच्याकडे बघा, वाक्य त्यालाच पुरं करू द्या.

राहिले 21 दिवस. शंभरातली साधारण पाच मुलं कधी ना कधी अडखळतात. त्यांतल्या बहुतेकांचं आपोआप थांबतं आणि श्रेय वेखंडाला जातं. मोठेपणी शंभरात एखादाच उरतो. काही महिने उलटूनही मूल अडखळत असेल तर स्पीच थेरपिस्टला दाखवा, लहान वयात त्याचा चांगला उपयोग होतो. माझं अडखळणं गेलेलं नाही. हल्ली मी कंडक्टरला आधीच सांगतो, 'मी अडखळतो, जरा थांबा हां.' मग रा-रा-राजापूर म्हणायला लागतो तेवढा वेळ घेतो, आणि तिकीट तिथलंच काढतो.