फँटसीतले थोर लोक उंचच कशाला?

आपल्याकडची, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेडकडची बरीच लेकरं आता मराठीत फँटसी लिहितायत आणि मसुदे माझ्याकडे वाचायला पाठवतात. मला याचा मनापासून आनंद आहे. पण एक गोष्ट सारखी खटकते. बहुतेक मसुद्यांत एक उंच, गोरी, शहाणी जमात असते आणि एक बुटकी, काळी, कपटी. उंची सांगितली की स्वभाव वेगळा रंगवायची गरजच उरत नाही.

हे आलं कुठून ते उघड आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्किनच्या लेखनात एल्फ नावाच्या अद्भुत जमातीतली गॅलाड्रिएल ६ फूट ४ इंचांच्या आसपास आहे. पण त्याच्या कितीतरी आधी शेक्सपिअरचे एल्फ घाबरून ओकच्या फळाच्या वाटीत लपायचे! ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात एल्फ ५ फुटांहून कमी ते ६ फुटांहून जास्त, कसेही असतात. ज्यानं त्यानं आपल्या कथेपुरती उंची ठरवली. आणि टॉल्किनकडून उचलायचंच असेल तर हॉबिट उचला ना. २ ते ४ फुटांची ही माणसं, आणि टॉल्किनच्या कथेतल्या जादूच्या अंगठीचा भार वाहिला त्यांनीच. त्यांचा एक पूर्वज ४ फूट ५ इंचांचा होता, म्हणून त्याला तट्टाऐवजी घोड्यावर बसता यायचं. असा तपशील मला फार आवडतो. उंचीनं तिथं जगण्याची रीत बदलते, माणसाचं मोल बदलत नाही.

आणि आपल्या महाभारताच्या आदिपर्वातले वालखिल्य कसे काय विसरलात? अंगठ्याएवढे ऋषी. कश्यपाच्या यज्ञासाठी सगळ्यांनी लाकूड आणायचं ठरलं. इंद्र डोंगराएवढा भारा घेऊन निघाला. वाटेत हे सगळे मिळून पळसाचा एकच देठ ओढत होते आणि गाईच्या खुराच्या ठशात साचलेल्या पाण्यात बुचकळत होते. इंद्र हसला आणि त्यांना ओलांडून गेला. वालखिल्य रडत बसले नाहीत, त्यांनी दुसरा इंद्र घडवण्यासाठी यज्ञच मांडला. मग इंद्राची पाचावर धारण बसली, तो कश्यपाकडे धावला. कश्यपानं तडजोड केली: होणारा तो पक्ष्यांचा इंद्र होईल. तो गरुड. पुढं त्याच गरुडानं देवांना हरवून अमृत नेलं. खुरातलं पाणी त्यांना किती खोल वाटलं, हे ज्याला सुचलं त्याला उंचीचा खरा उपयोग कळला होता.

कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांतली यक्षाची मूर्तीही अशीच. बुटका, गुबगुबीत, डोक्यावर पात्र आणि चेहऱ्यावर मोकळं हसू. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कान्हदास नावाच्या सोनारानं तो घडवला, असं त्याच्यावरच कोरलंय. त्या चेहऱ्यात लबाडीचा मागमूस नाही.

म्हणून, लेकरांनो, फूट-इंचांचा तक्ता करून थांबू नका. बुटक्यांच्या गावात विहिरीचा कठडा केवढा? ज्वारीचं ताट त्यांच्या डोक्यावर किती वर जातं, कापणी कशी करतात? साडेसहा फुटी पाहुणा आला तर त्याला बाज कुठून आणायची? दोन जमातींत लग्न ठरलं तर दारं कुणाच्या मापाची? ‘उंच’ आणि ‘बुटका’ हे दोन्ही शब्द न वापरता पहिली चार पानं लिहा आणि पाठवा. मी प्रत्येक पान वाचीन.